मशीनमधले फुटाणे

डाळ मिलमध्ये चुरी साठत असताना कुणाला दिसत नाही. झाडू मारला की ढीगच निघतो. किस्स्यांचंही तसंच! शेगावकडल्या उंद्रीजवळच्या आमच्या मिलमध्ये डाळ निवडण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. शाळा मी बाहेरूनच पाहिली. अक्षरं शिकले ती पोत्यांवरची, मग पुड्यांवरची; इंग्रजीसुद्धा अशीच एकेक करून पकडली. म्हणून पुडा हातात आला की मी आधी मागचं बारीक अक्षर वाचते. लपवायचं असतं तेच बारीक लिहितात!

*

मिलमध्ये खाऊचं मशीन आलं. ओळखपत्र काचेला दाखवा, नंबर दाबा, आतली स्प्रिंग फिरते आणि पुडा धपकन खाली. सगळं कोल्ड्रिंक, चिप्स आणि क्रीमची बिस्किटं! आमचे ऑपरेटर रशीदचाचा शुगरवाले. डबा आणायचा कंटाळा, म्हणून रोज दुपारी तेच पोटात. एक दिवस चाळणीजवळच घामाघूम होऊन बसले. डॉक्टरांनी सांगितलं, "खाणं बदला, नाहीतर काम सोडा."

काम सोडून चाचा करणार काय? मी कोल्ड्रिंकची बाटली घेऊन थेट मॅनेजर जोशी साहेबांच्या टेबलावर आपटली आणि तिच्यातली साखर वाचून दाखवली.

साहेब पुण्याचे. म्हणाले, "मावशी, तुम्हाला वाचता येतं?"

"वाचता येते म्हणूनच तं भांडून राह्यली, साहेब!"

शेवटी ठरलं. एक महिना मशीनमध्ये फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, मुरमुरे, ताक. चावी माझ्याकडे. महिन्याच्या शेवटी मालकीणबाई येऊन बघणार. माल पडून दिसला, तर कोल्ड्रिंक परत!

*

पहिल्या दिवशी मशीनला कुणी हात लावेना. माझ्या शेजारी निवडायला बसणारी वनिता म्हणाली, "मावशी, माह्या घरी पोतंभर हरभरा हाय. बटन दाबाले इथं काऊन येऊ?"

"घरचा भाजतं कोण? तुही सासू?"

बाईनं गुपचूप नंबर दाबला. आता आमच्यात एकट्यानं खायची पद्धत नाही. पुडा फुटला की दहा हात पुढे! वनिताच्या वाट्याला चार फुटाणे आले. तिनं दुसरा पुडा काढला, पुन्हा दहा हात. मग त्या दहाही जणींना लाज वाटली आणि प्रत्येकीनं एकेक पुडा काढला. दुपारपर्यंत फुटाण्यांचा खण रिकामा!

साहेब म्हणाले, "नव्याची नवलाई."

*

गुरुवारी मात्र घोळ झाला. शेगावच्या महाराजांचा उपास म्हणून निम्मी मिल फुटाणे-मुरमुरे सोडून शेंगदाण्यांवर तुटून पडली. रशीदचाचा आपले रोजचे शेंगदाणे घ्यायला जेवणाच्या सुट्टीत आले, तर खणात नुसती स्प्रिंग!

"अरे बाई, उपास तुमचा अन् उपाशी मी!"

तेव्हापासून दर बुधवारी संध्याकाळी मी चाचांचा पुडा आधीच काढून ठेवते.

*

दसऱ्याला मिलमधल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते. मग या मशीननं काय पाप केलं? वनितानं हार घातला, समोर नारळ फोडला आणि ओळखपत्र दाखवायच्या काचेवरच ठसठशीत कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मशीन आंधळं झालं! सगळे ओळखपत्रं हलवताहेत, आत फुटाणे तसेच. पुसायचं तरी कसं? देवाचं आहे ना!

शेवटी रशीदचाचा पुढे झाले. "व्हा बाजूला. तुमच्या देवाले मी समजावतो." रुमालानं काच पुसली आणि मशीनला म्हणाले, "माफ करजो बावा, लेकरं भुकेली हायेत." पहिला पुडा त्यांनाच मिळाला!

*

मशीन आतून गार असतं, हे वनितानं हेरलं. बाजारातून आणलेली मेथीची जुडी कोमेजू नये म्हणून माझ्याकडून चावी घेतली आणि ताकाच्या खणात ठेवली. चाचांनी ताकाचा नंबर दाबला. धपकन जुडी पडली!

"चाचा, मशीनले तुमची शुगर समजली वाटते!" वनिता हसून हसून खाली बसली.

जोशी साहेब तापले. "हे मशीन आहे की तुमच्या घरचा फ्रीज? एकही खासगी वस्तू आत दिसता कामा नये!"

दुपारी तीनला मात्र तेच साहेब पाऊल न वाजवता माझ्याकडे आले. शर्टाखाली कोल्ड्रिंकची बाटली. "मावशी, ऑफिसात फार गरम होतं हो. शेवटच्या खणात, कोपऱ्यात... कुणाला सांगू नका."

मी ठेवली. रोज एक. साहेब ती चारला न्यायचे.

*

महिना संपला. मालकीणबाई ठरल्यापेक्षा तासभर आधीच आल्या, साडेतीनला. मशीनसमोर सगळी मिल गोळा. फुटाण्यांचा खण रिकामा, शेंगदाण्यांचा रिकामा, मुरमुरे संपलेले, ताक संपलेलं. शेवटच्या खणात एकच बाटली, घाम फुटलेली. साहेबांनाही तसाच!

बाई वाकून बघत राहिल्या. "जोशी, सगळं संपलं आणि हे एवढंच पडून राहिलं?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"हो मॅडम. याला... कुणी हातच लावत नाही."

"बघा! लोकांना नकोच आहे हे. आता कायम फुटाणेच राहू द्या. मावशी, ती बाटली काढा आणि ओतून टाका मोरीत."

रशीदचाचा मागे फुटाणे चघळत उभे होते. मी चावी फिरवली, बाटली काढली, झाकण उघडलं. फस्स!

मी ओतायला लागले. साहेब मोरीपर्यंत माझ्या मागे आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मावशी, जरा सावकाश."