तंबाखूच्या डबीतलं अद्रक

नांदेडच्या त्या ठोक दुकानात मी पाकातलं अद्रक मागितलं, तेव्हा दुकानदारानं आधी माझ्या मागं कुणी बाई उभी आहे का ते बघितलं. अद्रकाचे तुकडे साखरेच्या पाकात शिजवायचे, वाळवायचे आणि वरून पुन्हा साखरेत घोळवायचे, असा तो जिन्नस. माझ्यासारख्या पोट सुटलेल्या, मिशा पिकलेल्या माणसानं मागायचा नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“पावशेर द्या,” मी म्हणालो.

“सुटं न्हाई मिळत. पाच किलोचं खोकं हाय. घरी कार्य हाय का काही?”

“न्हाई. मला खायला पाहिजे.”

“एकट्याला?”

“हाव, एकट्याला. बांधा खोकं.”

इतका ताठ मी लग्नात बोहल्यावरही उभा नव्हतो.

त्याचं असं झालं होतं. सत्तावीस वर्षं मी डाव्या गालात तंबाखू धरत आलो. लग्नाला पंचवीस झाली, म्हणजे आमच्या घरात तंबाखू बायकोला सीनियर. आठवड्यापूर्वी लातूरला दाढ दाखवायला गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. त्या दाढेकडं बघायचं सोडून गालाकडंच बघत बसल्या. मग आरसा माझ्या हातात दिला. आत पांढरा चट्टा होता, दुधाची साय चिकटावी तसा.

“काका, तंबाखू आजपासून बंद. तीन महिन्यांनी दाखवायला या. तोवर हा कमी झाला नाही, तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल.”

“कमी केली तर चालंल का?”

“कमी करणं म्हणजे चालू ठेवणंच की, काका.”

तपासणी कशाची, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं.

आता तंबाखू मी याआधी चारदा सोडली होती. दरवेळी पाहुण्यारावळ्यांच्या पंगतीत उभं राहून जाहीर केलं होतं. सगळ्यांत जास्त टिकलो तो अकरा दिवस, आणि त्यातले चार दिवस तापात होतो. त्यामुळं यंदा बायको सोडून कुणाला काही सांगायचंच नाही असं ठरवलं. गालाला झोंबेल, तोंडात वेळ काढेल असं काहीतरी पाहिजे होतं. बडीशेप खाऊन बघितली, लवंग खाऊन बघितली. बडीशेप म्हणजे गवत आणि लवंग म्हणजे शिक्षा. एका बारशाला मुखवासाच्या ताटात हे अद्रक मिळालं आणि गालानं ओळख दिली. उजव्या गालानं, डाव्याला मी आता सुट्टी दिली होती.

पण गुपित ठेवायचं असेल तर पाच किलोचं खोकं घेऊन सासुरवाडीला जाऊ नये. नागपंचमीला बायकोला माहेरी न्यायचं होतं, नांदेड वाटेवरच, म्हणून खोकं एसटीतून थेट नायगावला आलं. मेहुणा स्टँडवर गाडी घेऊन उभा होता. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, शेती बघतो. मी उतरलो की त्याच्या तळहातावर तंबाखू मळून तयार असायची. चुना लावलेला, काड्या काढलेल्या, दोन थापट्या मारलेली. आमचं नातं पंचवीस वर्षं त्या तळहातावर चाललं होतं. ‘बरं हाय का’ हे तोंडानं आम्ही कधी विचारलंच नाही.

“घ्या, दाजी.”

“सोडली.”

“पाचव्यांदा?” तो हसला. “आन् खोक्यात काय हाय?”

मी खोकं उघडून तुकडा दिला. त्यानं तो उन्हात धरला, वास घेतला आणि परत खोक्यात टाकला. “आता गोळ्या चघळायच्या वयाचे झालात का? मी सांगतो, दाजी, तुमच्यानं न्हाई व्हायचं. दिवाळीपर्यंत टिकलात, तर बेकरीच्या भट्टीवर दिवाळीच्या बिस्किटाच्या रांगेत बायकांत मी बसतो. न्हाई टिकलात, तर हे खोकं म्हशीच्या पेंडीत.”

त्याला चट्ट्याचं ठाऊक नव्हतं. बायकोला ठाऊक होतं. ती दुसरीकडं बघत राहिली. मला राग आला. रागात मी जे बोलतो ते नंतर निभवावं लागतं, ही आमच्या घरातली जुनी अडचण.

“तू एकटाच कामून? मी बी बसतो,” म्हणालो.

पहिले पंधरा दिवस कसे गेले, ते बायकोला विचारू नका. ती सांगू शकणार नाही, कारण आमचं बोलणं बंद होतं. मी जुनी डबी घासून घेतली, दोन तोंडांची. तंबाखूच्या बाजूला अद्रकाचे बारीक तुकडे भरले आणि चुन्याच्या बाजूला खोक्याच्या तळाची साखर. शिरूर अनंतपाळच्या आमच्या कचेरीत डबीचं झाकण वाजलं की आजूबाजूचे दोन-तीन तळहात आपोआप पुढं यायचे. पहिल्या दिवशी एका सहकाऱ्यानं फाईलवरची नजर न काढता तुकडा हातात घेतला आणि अंगठ्यानं मळायला लागला. बराच वेळ मळला. मग म्हणाला, “आरं, ही मळंना कामून?” थापटी मारल्यावर साखर उडाली आणि समोरच्या अर्जावर पडली. अख्खी कचेरी हसली. मीही हसलो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच डबी वाजवली.

एकदा बायको म्हणाली, “एवढी साखर! दात किडतील तुमचे.”

“किडू दे. दातांची कवळी मिळते. गालाची मिळते का?”

दुसऱ्या दिवसापासून सकाळी डबी भरलेली मिळू लागली. तुकडे माझ्यापेक्षा बारीक आणि एकसारखे चिरलेले.

दिवाळीला नायगावला गेलो तेव्हा खोक्यात किलोभर अद्रक उरलं होतं. आमच्याकडं दिवाळीची बिस्किटं घरी भाजत नाहीत. मैदा, तूप, पिठीसाखर घरून न्यायची, बेकरीवाल्याच्या भट्टीवर रांग लावायची, आपल्या हातानं पत्र्यावर बिस्किटं मांडायची आणि भाजून झाली की डबे भरून आणायची. बायकोनं मोबाईलवर बघून अद्रकाची बिस्किटं करायचं काढलं. उरलेलं सगळं चिरून पिठात घातलं. मला तर दोन महिने पंचवीस दिवस पुरे झाल्याचा इतका माज चढला होता, की मी डबीही परातीत उपडी केली. “हे बी घे. मला काय गरज!”

असं म्हणणाऱ्या माणसानं एवढं लक्षात ठेवावं, की गरज अर्ध्या तासानं येते.

मेहुणा शब्दाला जागला. परात डोक्यावर घेऊन भट्टीवर आला आणि पंधरा-वीस बायांच्या मधोमध उकिडवा बसला. मी शेजारी. एका आजीनं दोघांना खालवर बघितलं. “जावईबापू, घरच्या बाया संपल्या का?”

“पैज हाय, मावशी,” मेहुणा म्हणाला. “हरलो मी.”

बेकरीवाल्या चाचांनी फडकं उचलून पीठ बघितलं. “इसमें क्या डाले जी?”

“अद्रक.”

“अद्रक चाय में डालते ना! जल गया तो हमकू नक्को बोलना.”

“जलू द्या,” मी म्हणालो.

आमच्यापुढं अकरा पराती होत्या. रांग हलेना. एक तास झाला. गाल मागू लागला. खिशात हात घातला, डबी काढली, झाकण उघडलं. आत साखरेचे चार कण. दुसरं तोंड उघडलं, तेही तसंच. जीभ चट्ट्यावर गेली, ती तिथंच फिरू लागली. पाच दिवसांनी डॉक्टरीणबाई आरसा धरणार होत्या. तेवढ्यात शेजारून ओळखीचा आवाज आला, दोन थापट्यांचा. मेहुण्याचा तळहात माझ्यापुढं होता. पैज वगैरे त्याच्या डोक्यातसुद्धा नव्हतं. पंचवीस वर्षांच्या सवयीनं हात आला होता, मायेनं आला होता, आणि म्हणूनच तो ढकलणं अवघड होतं. चिमूट तयार होती. माझी दोन बोटं उचलली गेली, हे मी नाकारत नाही.

मग मी तीच बोटं फडक्याखाली घातली आणि कच्च्या पिठाचा लिंबाएवढा गोळा अद्रकासकट उजव्या गालात कोंबला.

“अगं बाई!” आजी ओरडल्या. “जावईबापू कच्चं पीठ खाऊन राहिले की!”

सगळी रांग वळली. तोंड भरलेलं, मिशीला मैदा. तूप टाळूला चिकटलेलं, अद्रक झोंबत होतं, डोळ्यांत पाणी आलं. पाणी अद्रकाचं होतं असं मी अजून सांगतो.

“दाजी, येडे झालात का?” मेहुणा म्हणाला.

गोळा गिळून मी बोललो. “गालात चट्टा हाय. पाच दिवसांनी दाखवायचाय. ह्या डाव्या.” आणि सगळ्यांच्या देखत, बायांच्या रांगेत, मी तोंड वासून त्याला गाल दाखवला.

त्यानं बघितलं. हात तसाच अधांतरी राहिला. मग तो उठला, भट्टीच्या मागं गेला आणि बऱ्याच वेळानं आला. तंबाखू टाकली की खाल्ली, मी विचारलं नाही.

बिस्किटं कडेनं काळी पडली. आम्ही ती सगळी खाल्ली, चाचांना डबाभर दिली.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून फार वेळ बघितलं. मी त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मोजत होतो.

“लहान झालाय. गेला नाही.”

“मग तुकडा?”

“आत्ता नको. अजून तीन महिने बघू. आणि काका, दात फार किडलेत.”

“किडू द्या,” म्हणालो आणि बाहेर येऊन नांदेडला फोन लावला. पाच किलोचं आणखी एक खोकं बाजूला ठेवायला सांगितलं.

ते घेऊन बायकोला परत आणायला नायगावला उतरलो, तेव्हा मेहुणा स्टँडवर होता. तळहातावर चुना होता, पण मला बघताच त्यानं पाठ फिरवली आणि तिकडं तोंड करून चिमूट गालात ठेवली. अशी पाठ तो आजवर फक्त वडिलांसमोर फिरवायचा. मग हात धोतराच्या सोग्याला पुसून माझ्याकडं वळला आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तोंडानं विचारलं,

“बरं हाय का, दाजी?”

“लहान झालाय,” मी म्हणालो आणि खोकं गाडीवर दोघांच्या मधे धरून बसलो.