भिडेचा होकार

नसरुद्दीनला ‘नाही’ म्हणता येत नाही, हे दोहा शहराच्या अल गराफा भागातल्या निम्म्या बंगल्यांना ठाऊक होतं. तिथल्या एका मोठ्या सुपरमार्केटात तो सव्वीस वर्षं फळांच्या विभागात उभा होता. कलिंगडावर टिचकी मारून ते पिकलंय की नाही हे तो सांगायचा, डाळिंब नुसतं तळहातावर तोलून आत दाणा कसा आहे ते ओळखायचा. गिऱ्हाइकं त्याच्याच हातचं फळ मागायची आणि वर आणखी काय काय मागायची! माझी ट्रॉली बघ, एवढी पिशवी गाडीपर्यंत ने, माझ्या ड्रायव्हरला फोन लाव. तो सगळ्यांना हो म्हणायचा. पुतण्याच्या व्हिसासाठी खेटे घालायचे? हो. मॅनेजर इम्रान म्हणाला, चाचा, यंदा रमजानात रजा नको घेऊ, त्यालाही हो.

भीड भिकेची बहीण म्हणतात. नसरुद्दीनवर भिकेची पाळी आली नाही, पण ही बहीण मात्र त्याच्याकडे कायमची मुक्कामाला येऊन बसली होती.

त्याचं गाव मंडणगडकडे, खाडीच्या काठाला. मोहल्ल्यात बेचाळीस घरं आणि चूल पेटायची अकरा घरांत. बाकीची माणसं मुंब्र्याला, पनवेलला, कुवेतला. त्या अकरांतल्या एका घरात त्याची बायको हजरा एकटी राहत होती. मुलगी रिफत पनवेलला. तिला मुलगी झाली, जिक्रा, तेव्हापासून रिफत आईच्या मागे लागली होती, की तू इथे ये, आम्ही दोघं नोकरीला जातो, पोर परक्या बाईच्या हातात राहतं. हजरा दर शुक्रवारी फोनवर नवऱ्याला विचारायची, “मी जाऊ रिफतकडे? का तुमी येताव कायमचे?”

“येतो ना. पुढच्या ईदला येतो कायमचा. घर उघडा ठेव.”

मग हजरा रिफतला ‘येत नाही’ म्हणून कळवायची, पडवीला चुना काढून घ्यायची, नवऱ्याची खाट उन्हात टाकायची. ईद यायची आणि जायची. नसरुद्दीन दोन वर्षांतून एकदा महिनाभर येऊन परत जायचा. तो खोटं बोलत होता असं म्हणवत नाही. तिला हो म्हणताना त्याला मनापासून हो वाटायचं. पण मग इकडे कुणीतरी दुसरं काही मागायचं, आणि त्यालाही हो म्हटल्यावर पहिला हो आपोआप पुढच्या वर्षावर जायचा. अशा बारा ईदा झाल्या.

त्या सप्टेंबरात मोरीबाई आल्या.

चाळिशीच्या, बुटक्या, पायात साधे कापडी बूट. जपानातल्या एका विद्यापीठात शेतीच्या अर्थशास्त्राच्या संशोधक. त्यांच्याबरोबर नासपतीच्या खोक्यांची छोटी चळत विमानाने आली होती. एकेक नासपती लहान नारळाएवढी, पिवळसर तपकिरी, डाग म्हणून कुठे नाही. त्यांना शोधायचं होतं ते एवढंच, की आखातातली माणसं हे महागडं फळ विकत घेतील का, आणि पिकवणाऱ्या म्हाताऱ्याचा फोटो फळावर चिकटवला तर जास्त घेतील का. एका ताटात साध्या नासपतीच्या फोडी, दुसऱ्यात फोटोवाल्या. गिऱ्हाइकाने चव बघायची, कागदावरच्या तीन प्रश्नांपुढे खुणा करायच्या आणि कागद पेटीत टाकायचा. अशीच दुसरी पेटी अल थुमामाच्या दुकानात ठेवली होती आणि मोरीबाई स्वतः तिथे उभ्या राहणार होत्या. इकडचं टेबल इम्रानने नसरुद्दीनला दिलं.

“नसरुद्दीन-सान,” मोरीबाई इंग्रजीत म्हणाल्या. जपानी रीतीने त्या नावापुढे आदराचा ‘सान’ लावायच्या. “एकच गोष्ट पाळा. कागद त्यांचा त्यांना भरू द्या. तुम्ही लांब उभे राहा. बघू नका, विचारू नका.”

नसरुद्दीनने मान डोलावली. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

पहिल्या दिवशी, गुरुवारी, पेटीत नऊ कागद पडले. फोडी सगळ्यांनी खाल्ल्या, पण भरल्या ट्रॉलीनिशी उभं राहून कागद कोण भरतो? संध्याकाळी मोरीबाईंनी पेटी उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या रागावल्या नाहीत, उलट त्याचे आभार मानले. मग टेबलामागे बसून त्यांनी फोनवर नासपती पिकवणाऱ्या गावाचे फोटो दाखवले.

डोंगरातलं गाव. उतारावर नासपतीच्या बागा आणि झाडावरच्या प्रत्येक फळाला कागदी पिशवी. हजारो पिशव्या, प्रत्येक हाताने बांधलेली. बांधणारी माणसं सत्तरीच्या पुढची. शाळा बंद, तिच्या पटांगणात गवत. एका ओळीत सात घरं आणि सातही घरांच्या खिडक्या फळ्या मारून बंद केलेल्या. फळावर ज्यांचा फोटो होता ते हिदेओ आजोबा, वय एकोणऐंशी, शिडीवर उभे राहून हसत होते. खाली शिडी धरून त्यांची बायको उभी होती.

“यांची मुलगी शहरात असते. दोघांना बोलावतेय, नातवंडं आहेत,” मोरीबाई म्हणाल्या. “पण हे थांबलेत. बाग नुसती सोडून जाता येत नाही, तिची कीड शेजारच्या बागांना लागते. जायचं तर झाडं तोडून जावं लागतं. या हिवाळ्यात सगळं गाव बसून ठरवणार आहे, तोडायची की ठेवायची. माझा अहवाल वाचून.”

नसरुद्दीन त्या फळ्या मारलेल्या खिडक्यांकडे बघत राहिला. त्याच्या मोहल्ल्यात फळ्या मारत नाहीत, कुलपाला प्लॅस्टिकची पिशवी बांधतात, पावसाने गंजू नये म्हणून. एवढाच काय तो फरक. आणि या बाईची पेटी रिकामी राहिली तर ती आपल्यामुळे, असं त्याच्या मनाने घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याने टेबल सोडून लांब उभं राहणं सोडलं. पेन हातात घेतलं आणि एकेकाला स्वतःच विचारायला लागला.

सुदाम आला. हा मराठवाड्याचा, एका कतरी घरात ड्रायव्हर, आठवड्याची फळं न्यायला यायचा. “चाचा, हे कसले पेपर भरायलेत?”

“खाऊन बघ. पुढच्या हंगामात तुझ्या मॅडम घेतील का, या किमतीला?”

सुदामने किंमत वाचली. एका नासपतीच्या किमतीत किलोभर सफरचंदं आली असती. “तुमी म्हणताव तर घेतील की! लिवा, लिवा. तुमच्यासाठी काय बी.”

नसरुद्दीनने ‘हो’पुढे खूण केली. केरळची नर्स म्हणाली, तुम्ही सांगताय तर घेईन. दर शुक्रवारी दुखानहून गाडी हाणत येणारा लेबनानी इंजिनिअर म्हणाला, तुला नाही कसं म्हणू? एक कतरी आजीबाई बुरख्याआडून हसल्या आणि म्हणाल्या, इन्शाल्ला, का नाही. हो, हो, हो. आणि म्हाताऱ्याच्या फोटोने फरक पडतो का? तो फोटो समोर धरून विचारल्यावर कोण नाही म्हणणार? पडतो, पडतो.

आता खरी गोष्ट सांगतो. कुणाच्या ट्रॉलीत काय जातं हे नसरुद्दीनइतकं कुणालाच माहीत नव्हतं. नर्स हप्त्याला सहा केळी घ्यायची, ती पण डाग पडलेली, स्वस्तातली. इंजिनिअर आंबे तेवढे खायचा. यांतला एकही माणूस ही नासपती घेणार नाही, हे त्याच्या हाताला कळत होतं. तरी तो लिहीत राहिला. त्यात खोटं काही नव्हतं, माणसं जे बोलली तेच त्याने लिहिलं. दोन दिवसांत एकशे एकसष्ट कागद झाले.

शनिवारी मोरीबाईंनी पेटी उघडली आणि खुर्चीत बसल्या. अल थुमामाच्या पेटीत होकार मूठभरच होते. पण इथलं गिऱ्हाईक वेगळं असेल, हेच आपलं खरं गिऱ्हाईक असेल, असं त्या पुटपुटल्या. कागद चाळताना एकदा त्यांचा हात थांबला. त्यांनी नसरुद्दीनकडे पाहिलं, मग पुन्हा कागदांकडे. उठून कमरेत खोल वाकल्या. एवढ्या शिकल्यासवरल्या बाईने आपल्यापुढे वाकावं म्हणून तो संकोचून गेला, पण त्या शुक्रवारचा फोन राहिला होता तो त्याने फार आनंदात केला.

“एका गावाचा भला केला आज,” तो हजराला म्हणाला.

“आणि आपल्या गावाचा?” हजरा म्हणाली. “येताव ना ईदला?”

“येतो तर!”

त्या हिवाळ्यात मोरीबाईंचा अहवाल वाचून गावाने झाडं ठेवली. मोरीबाई मधूनमधून फोनवर फोटो पाठवायच्या. एप्रिलमध्ये पांढरा फुलोरा आला. जूनमध्ये हिदेओ आजोबा शिडीवर उभे राहून फळाफळाला पिशवी बांधताना दिसले. या खेपेला खाली शिडी धरायला शेजारचा कुणी म्हातारा होता. नसरुद्दीनने ते पाहिलं, पण त्याच्या मनात काही आलं नाही.

पुन्हा सप्टेंबर आला आणि नासपती आल्या, या वेळी खरोखरीच्या विकायला. इम्रानने दारासमोरची जागा दिली. प्रत्येक फळाला पांढरी जाळी आणि जाळीवर आजोबांचा हसरा फोटो.

पहिले दोन दिवस नसरुद्दीन वाट पाहत होता. मग त्याच्या लक्षात आलं, की त्याची माणसं त्याला टाळताहेत. नर्स पलीकडच्या रांगेने केळी घेऊन गेली. इंजिनिअरने लांबूनच हात केला. सुदाम भिडस्त, तो समोर आला आणि स्वतःच्या खिशातले पैसे घालून दोन घेऊन गेला. “मॅडमला दावल्या होत्या चाचा. त्या म्हणल्या, एवढ्याला? आता मी काय बोलावं?”

“तू कशाला घेतलंस मग?”

“तुमी उभे हाव ना इथं,” सुदाम म्हणाला.

नवव्या दिवशी साली सुरकुतायला लागल्या. इम्रानने किंमत निम्मी केली, मग पाव केली, आणि शेवटी म्हणाला, “खलास, चाचा. काढ सगळं.” मागच्या गोदामात नसरुद्दीनने एकेक नासपती उचलली. टाकण्याआधी तो प्रत्येकीवरचा फोटो नखाने सोडवून वेगळा ठेवत होता. माणसाचं तोंड कचऱ्यात कसं टाकायचं? इम्रान एकदा येऊन बघून गेला.

मोरीबाई दुसऱ्या दिवशी आल्या. रिकामं टेबल बघितलं आणि त्याला बाहेरच्या बाकावर घेऊन गेल्या. पिशवीतून त्यांनी गेल्या वर्षीचे कागद काढले. एकशे एकसष्ट कागदांवर एकाच हाताच्या खुणा.

“तुम्ही समोर उभं राहून विचारलंत?”

नसरुद्दीनने आयुष्यात पहिल्यांदा थोडा वेळ घेतला. मग म्हणाला, “हो. आणि मला माहीत होतं, कुणी घेणार नाही. चूक माझी.”

“माझीही,” त्या म्हणाल्या. “मला त्याच दिवशी दिसलं होतं. विचारलं असतं, तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. आणि मला ते होकार हवे होते. आमच्याकडेही तोंडावर कुणी कुणाला नाही म्हणत नाही. म्हणून तर तो नियम केला होता.”

मग त्याने विचारलं, “आजोबा काय म्हणतात?”

“झाडं तोडताहेत. मुलीकडे जातील, एकटेच.” मोरीबाईंनी कागदांच्या कडा सरळ केल्या. “बायको फेब्रुवारीत वारली. गेल्याच हिवाळ्यात दोघं जाणार होती. तिने नातवंडांसाठी स्वेटर विणून, सामान बांधून ठेवलं होतं. मग दोहाने हो म्हटलं, म्हणून आणखी एक वर्ष थांबली. मला ती म्हणाली होती, एक वर्ष काय, चुटकीसरशी जाईल.”

नसरुद्दीनला रडू आलं. दुकानासमोर, गिऱ्हाइकांच्या येण्याजाण्यात, पन्नाशी उलटलेला माणूस तोंडावर हात धरून रडला. मोरीबाई उठून गेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. जुम्याची नमाज झाली, खोलीवर जेवण झालं आणि त्याने हजराला फोन लावला. पलीकडून तिने सांगितलं, की चुनेवाला बोलावलाय, पडवीला चुना काढून घेते. खाटेची नवार सैल झालीय, तीही बदलून घेते. मग नेहमीचा प्रश्न आला. “यंदा येताव ना कायमचे?”

गेल्याच महिन्यात इम्रानच्या भिडेखातर त्याने आणखी दोन वर्षांच्या नोकरीच्या करारावर सही केली होती. तिला सांगितलं नव्हतं. ‘येतो’ हा शब्द त्याच्या ओठांवर आलाच होता, तेरा वर्षांची सवय. त्याने तो गिळला.

“नाय,” तो म्हणाला. “नाय येत, हजरा. अजून दोन वर्सां नाय. चुनेवाल्याला परत पाठव. तू रिफतकडे जा.”

पलीकडे सैल नवारीची खाट करकरली, ती बसली असावी.

“रिफतकडे कशाला जाऊ आता?” हजरा हळूच म्हणाली. “जिक्रा परवाच बोलली मना, नानी, आता मी माझी मी राहते घरात, चावी असते माझ्याकडे.”