बाईंच्या भट्टीतला धूर

राग येतो आणि गिळावा लागतो, कारण ते पत्रक माझंच होतं. ‘धूर बंद करा!’ शिक्रापूरच्या चौकात मी स्वतः वाटलं. रोख होता आमच्या वस्तीमागच्या कारखान्याच्या धुराड्यावर. पण छापखानेवाला म्हणाला, “कारखान्याचं नाव काढून टाका, उगाच लफडं नको.” आणि मी काढलं!

शाळेत आम्हाला चित्रकला शिकवणाऱ्या बाई निवृत्तीनंतर अंगणात मातीची ताटं करतात. कथलाच्या पांढऱ्याशुभ्र झिलईवर तांब्याचांदीचे क्षार मिसळलेल्या मातीनं वेली काढायच्या आणि शेवटच्या भाजणीत भट्टी बंद करून आत धूर कोंडायचा. त्या अर्ध्या तासाच्या धुरातच वेलींना सोन्यासारखी झळाळी चढते. मध्येच हवा शिरली की संपलं. बाईंचं तीनदा बिघडलं होतं. ही चौथी भट्टी चर्चमधल्या सुगीच्या सणासाठी होती.

मी मदतीला होतो. बाईंनी धूर कोंडून दहा मिनिटं झाली आणि शेजारच्या भाडेखोल्यांचे मालक, आप्पा, माझं पत्रक नाचवत आले.

“बाई, हे वाचा! तुमच्याच शाळंतल्या ह्या पोरानं छापलंय. माझे भाडेकरू खोकत्यात.”

“आप्पा, वीस मिनिटं थांबा,” मी म्हणालो. “मी लिहिलंय तो धूर हा न्हाई.”

“मग कुठला?”

“कारखान्याचा!”

“तवा लिवायला हात मोडला व्हता व्हय?”

आणि त्यांनी गजानं भट्टीच्या तोंडाच्या विटा पाडल्या. आमच्या डोक्यावरून कारखान्याचा काळा पट्टा आरामात चालला होता. तिकडे गज घेऊन जायची एकाची छाती नाही. कारखान्यातली माणसं आप्पांच्या खोल्यांत राहतात, मग तो धूर आप्पांना दिसेल कशाला!

दुसऱ्या दिवशी ताटं निवल्यावर बाईंनी माझ्या हातात ओलं फडकं दिलं. वरची करपलेली माती पुसली की खालून झळाळी निघते. मी पुसत गेलो. ताटामागून ताट, चहाच्या डागासारख्या फिकट वेली. सोनं कुठंच नाही.

“बाई, आप्पांवर पत्रक काढतो.”

“आप्पांवर?” बाईंनी शेवटचं ताट उन्हात धरून पाहिलं आणि खाली ठेवलं. “आधीचं पुरं कर की.”

केलंय पुरं. कारखान्याचं नाव पहिल्याच ओळीत आहे. दोन छापखान्यांनी नाही म्हटलं. तिसऱ्याकडे निघालोय.