पांढरी साडी आणि ताईचा चेहरा

माझ्या ताईचा नातू मागच्या दिवाळीत आला तो गळ्यात जुना रीळवाला कॅमेरा अडकवून. हल्लीच्या पोरांना हे नवंच खूळ लागलंय. ज्या वस्तू आम्ही भंगारवाल्याला देऊन सुटलो, त्या हे लोक हुडकून हुडकून आणतात. मला म्हणतो, "आजी, काळा-पांढरा फोटो काढावा तर फिल्मवरच. डिजिटल म्हणजे सगळी बनवाबनवी. फिल्म कधी खोटं बोलत नाही."

ताई समोर बसून संत्रं सोलत होती. ती नुसती हसली. मला कुठलं राहवतंय! म्हटलं, "भैताडा, फिल्मच्या फोटोनं तुह्या आजीचं जुळत आलेलं लग्न मोडलं, अन् तू मले सांगून राहिला फिल्म खोटं बोलत नाई?"

मग त्याला सगळं सांगणं आलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. बाबा कोराडीच्या वीज केंद्रात कामाला होते आणि आम्ही तिथल्याच कॉलनीत राहायचो. दोन खोल्या, मागं न्हाणी आणि सगळीकडं राख. दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय घरात आणायचे नाहीत असा मायचा दंडक होता. पांढरं काही घालायची तर सोयच नव्हती. तरी मायच्या पेटीत एक पांढरी साडी होती, बारीक निळ्या काठाची. माय-बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी मायनं नेसलेली. ती बाहेर निघायची फक्त मोठ्या कारणाला.

ताई बी.ए. झाली आणि मोठं कारण आलं. मामा तिच्यासाठी स्थळं पाहू लागला आणि त्याला दाखवायला फोटो हवा होता.

आता हे सरळ सांगून टाकते. ताई काळी होती. सावळी, गव्हाळ, निमगोरी असल्या गुळमुळीत शब्दांचा तिला स्वतःलाच राग आहे. मायसारखी काळी, तुकतुकीत, नाकीडोळी नीटस. हसली की समोरच्यालाही हसू यायचं. मी बाबांवर गेले, म्हणून गोरी. त्यात माझं कर्तृत्व शून्य, पण पाहुणे आले की कौतुक माझंच व्हायचं आणि माय लगेच ताईकडं बघायची.

शहरात, जरीपटक्याच्या वस्तीत, एक फोटो स्टुडिओ होता. मालक सिंधी, वयस्कर, डोळ्यांवर जाड चष्मा. ताईला दीक्षेची साडी नेसवून माय आम्हाला बसनं तिथं घेऊन गेली. फोटो काढून झाला आणि ताई आरशासमोर केस नीट करायला वळली, तेवढ्यात माय हळूच मालकाजवळ गेली. "भाऊ, जरा उजळ करजा." तो म्हणाला, "फिकर मत करो, बहन." मी मध्येच उभी होते, मला सगळं ऐकू आलं.

फोटो आला. अवो माय! पिठाच्या डब्यात तोंड घालून बाहेर काढल्यासारखी कुणीतरी बाई. गाल कुठं संपला नि पदर कुठं सुरू झाला, पत्ता नाही. साडीचा काठ तर साफ गायब. मायला मात्र आनंद मावेना. "पाय बरं, कशी दिसून राहिली माही पोट्टी!" ताईनं फोटो हातात घेतला, बघितला आणि पालथा ठेवला.

तो फोटो पाहून शहरातल्या एका घरच्यांचा होकार आला. फक्त रीत म्हणून मुलगी बघायला यायचे होते. सगळं ठरल्यातच जमा होतं. बाबांनी सकाळपासून अंगण तीनदा झाडून घेतलं, कारण राख काही ऐकत नव्हती. पाहुणे आले, ताई पोहे घेऊन बाहेर गेली, तिच्यामागं मी पाण्याचे पेले घेऊन.

मुलाच्या आईनं पर्समधून फोटो काढला. ताईकडं पाहिलं, फोटोकडं पाहिलं. म्हणाली, "फोटोतली पोरगी कुठं हाय?"

माय म्हणाली, "हेच नं."

"आमाले काय बयाड समजता का?" बाईनं सरळ माझ्याकडं बोट केलं. "ही हाय फोटोतली. लहानीचा फोटो दाखवून मोठी गळ्यात मारून राहिले!"

मी तेव्हा शाळेत जाणारी, दोन वेण्या घालणारी. बाबा काहीतरी समजावू लागले, पण त्या लोकांनी चपला घातल्यासुद्धा. पोहे तसेच राहिले, वरची कोथिंबीरसुद्धा हलली नाही.

माय चुलीपाशी बसून रडत होती. ताई बश्या धूत होती. रडणं तर सोडाच, तिचा आवाजही चढला नाही. म्हणाली, "रंगाले नाई हसले ते, माय. आपल्याले खोटारडे म्हणून गेले. अन् काय खोटं बोलले सांग? रोज सकाळी आपण पंचशील म्हणतो, खोटं बोलणार नाई म्हणतो. दीक्षेची साडी नेसवून तुमी माह्या तोंडाचंच खोटं केलं." मायचं रडणं थांबलं. त्या दिवशी आमच्या घरात कुणीच जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताईनं मला सोबत घेतलं आणि आम्ही जरीपटक्याला गेलो. घरी उरलेल्या प्रतींपैकी एक तिनं काउंटरवर आपटली. "ये कौन है?"

मालकानं चष्मा सावरला. "तुम हो, बेटी."

"मैं नहीं हूँ."

मला वाटलं आता जुंपणार. पण त्या माणसानं पडदा बाजूला केला आणि म्हणाला, "आओ. खुद देख लो."

आत अंधार, एक लाल बल्ब आणि नाकात झोंबणारा आंबट वास. त्यानं ताईची तीच निगेटिव्ह मशीनमध्ये लावली, कागदावर उजेड पाडला आणि कागद औषधाच्या ट्रेमध्ये सोडला. कोऱ्या कागदावर डोळे आले, मग केस, मग भुवया. "अभी निकाला, तो गोरी," तो म्हणाला. "पूरा रहने दिया, तो जैसी है वैसी. सब बोलते हैं, जल्दी निकालो." मग त्यानं दुसरा कागद घेतला. या वेळी उजेड पडत असताना चेहऱ्यावर तळहाताची सावली धरून साडीला थोडा जास्त उजेड दिला आणि कागद औषधात पुरता राहू दिला. हळूहळू त्यात माझी ताई आली. गालाच्या हाडावरची चमक, ओठाखालची सावली, गळ्याजवळची खळी, आणि साडीचा काठसुद्धा! काळ्या नि पांढऱ्याच्या मध्ये इतके रंग असतात हे मला तोवर माहीतच नव्हतं. हा माणूस एवढा कसबी, आणि दिवसभर लोकांच्या तोंडाला पीठ लावत बसला होता! मला त्याचा राग आला आणि त्याच्या हाताचं कौतुकही वाटलं.

ताईनं विचारलं, "मुझे सिखाओगे?"

तेव्हापासून ती तिथं जायला लागली. बाबा कुरकुरले. बी.ए. झालेल्या पोरीनं अंधाऱ्या खोलीत बसायचं म्हणजे काय, लोक काय म्हणतील. ताई म्हणाली, "लोक तर म्हणूनच गेले नं, बाबा."

बहीण आहे म्हणून सांगत नाही, पण तिचा हात काय वळला! कोळशाच्या ट्रकवरचे हमाल, कॉलनीतल्या नवऱ्या मुली, शाळेच्या दाखल्यासाठी आलेली शेंबडी पोरं. तिच्या ट्रेमधून माणूस जसा आहे तसाच निघायचा, आणि तरी देखणा निघायचा. बायका म्हणायच्या, "ताई, उजळ करजा." ती म्हणायची, "उजळ नाई करत, नीट करते." काही रुसून जायच्या. बऱ्याचशा परत यायच्या आणि येताना सासूला घेऊन यायच्या. मालक गल्ल्यावर बसून बघायचा आणि म्हणायचा, "अब ये दुकान इसका है, मैं तो चौकीदार हूँ."

तेवढ्यात मामा काटोलचं स्थळ घेऊन आला. मुलगा शाळेत मास्तर, घरची थोडी संत्र्याची बाग. मायनं डब्यातून तोच जुना पिठाचा फोटो काढून मामापुढं धरला. "हाच दे."

ताईनं फोटो मायच्या हातातून काढून घेतला. "मामा, उद्या घेऊन जाजा. माय, तू माह्यासंग चल."

दुसऱ्या दिवशी डार्करूममध्ये आम्ही तिघी. मायनं अंधारात माझं मनगट घट्ट धरलं होतं. ताईनं आपलीच निगेटिव्ह लावली, साडीच्या वेळी चेहऱ्यावर हाताची सावली धरली, कागद ट्रेमध्ये सोडला. डोळे आले. केस आले. चेहरा अजून पांढराच होता. माय एकदम पुढं झाली. "बस, बस! काढ आता! किती साजरी दिसून राहिली!"

ताईच्या हातात चिमटा होता. तो हलला नाही.

"काढ नं वं! काळी होईल!"

"थांब, माय," ताई म्हणाली. "मी अजून आलीच नाई."

आम्ही तिघी त्या ट्रेवर वाकून उभ्या होतो. चेहरा भरत गेला. मायची माझ्या मनगटावरची पकड आधी आणखी आवळली, मग सैल पडली. ताईनं कागद काढला, पुढच्या पाण्यात टाकला. मायनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "साडीचा काठ दिसून राहिला." बास, एवढंच. पण घरी येऊन मामाला तिनं ठणकावलं, "हाच फोटो दे. नाई जमलं त नाई जमलं. माही पोट्टी काई चोरीची नाई."

काटोलचे लोक आले तेव्हा मी स्वयंपाकघरातून बाहेर पडायला साफ नकार दिला. न जाणो, पुन्हा कुणी माझ्याकडं बोट दाखवायचं! दाराच्या फटीतून बघत होते. माय चौकटीला धरून उभी. मुलाच्या आईला डोळ्यांनी कमी दिसायचं. तिनं फोटो आधी लांब धरला, मग नाकाशी आणला. मग ताईला जवळ बोलावलं, हनुवटीला हात लावून तोंड उजेडाकडं वळवलं.

"हो गा," ती नवऱ्याला म्हणाली, "फोटोतलीच हाय." आणि पोह्यांची बशी उचलली.

माय मागच्या न्हाणीत गेली आणि असं मोठ्यानं रडली की पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मला बादलीत नळ सोडावा लागला.

लग्नानंतर ताईनं काटोलच्या बस स्टँडजवळ स्वतःचा स्टुडिओ टाकला. भावजींनी तिच्यासाठी मागच्या खोलीच्या खिडक्या स्वतः काळ्या कागदानं बंद केल्या. संत्र्याच्या मोसमात बागवाले हातात संत्री धरून फोटो काढून घ्यायचे, आणि काळ्या-पांढऱ्यात संत्रं दिसायचं बटाट्यासारखं. त्यावरून आम्ही तिला भारी छळायचो. ती म्हणायची, "माणूस त नीट आला नं? मंग बटाटा राहू दे."

माय आयुष्यभर फोटोला उभी राहिली नव्हती. कॅमेरा दिसला की कुणाला तरी पुढं ढकलून ती मागं सरायची. ताईनं तिला काटोलला नेलं, दीक्षेची साडी नेसवली आणि खुर्चीत बसवलं. फोटो हातात आल्यावर माय म्हणाली, "एवढी काळी हाय का वं मी?" मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "पण चांगली दिसून राहिली." तिचा तेवढाच फोटो आहे. माय गेली, त्यालाही आता किती वर्षं झाली.

तर हे सगळं मी नातवाला सांगितलं. पोरानं गळ्यातला कॅमेरा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "पणजीचा फोटो कुठंय? डाग पडले असतील तर काढून देतो, मोठा करून लावू." मी पेटीतून काढून दिला. आमच्या फिल्मभक्तानं लॅपटॉप उघडला, फोटो आत घेतला, बटण दाबलं. डाग गेले. पण मशीननं आपल्या अकलेनं मायचं तोंडही धुऊन टाकलं. गोरीपान! साडीचा काठ पुन्हा गायब.

"बघा, किती क्लियर झाला!" तो म्हणाला.

"झालं," मी म्हटलं, "तुही मशीनबी पीठ लावायले शिकली."

ताईनं संत्र्याची सालं बाजूला ठेवली. बोटं पदराला पुसली. "हे उलटं कसं फिरवायचं रे?"

त्यानं पडद्यावरची एक पट्टी दाखवली, बोटानं मागं ओढायची. ताईचं बोट आता थरथरतं. तिनं ते पट्टीवर टेकवलं आणि अगदी हळू ओढायला लागली. मायच्या गालावर थोडी सावली आली. आणखी थोडी.

"बस आजी, बस! फार डार्क होईल!"

"थांब," ताई म्हणाली. "माय अजून आली नाई."

पोरानं हात मागं घेतला. गालाच्या हाडावरची चमक आली, ओठाखालची सावली आली, मग साडीचा काठ दिसायला लागला. ताईनं बोट उचललं आणि माझ्याकडं बघितलं.

"आली," मी म्हटलं.