शहराकडचा दरवाजा

माझे धाकटे दीर बंदराच्या कचेरीत नकाशे काढायचे. घरात ते भाऊजी, कचेरीत 'टेंगूळ'. हे नाव त्यांना तिथल्या एका दाराने दिले.

साहेब समुद्रातून आला, म्हणून त्याने कचेरीही समुद्राकडे तोंड करून बांधली. अठरा रुंद पायऱ्या, आठ खांब, मोठी कमान. शहराकडे आली ती इमारतीची पाठ, आणि त्या पाठीला मोऱ्यांशेजारी हमालांसाठी एक बुटके दार. पुढे साहेब गेला, जहाजे दूरच्या नव्या धक्क्याला लागू लागली, समुद्राकडचा रस्ताच बंद झाला. लोक मात्र त्या बुटक्या दारातूनच आत जात राहिले. भाऊजी सहा फूट उंच. नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांचा कपाळमोक्ष झाला.

"वाकायला काय जातं तुमचं?" मी म्हणायचे.

"मी वाकतो हो, वहिनी. पण एका दाखल्यासाठी म्हाताऱ्याकोताऱ्या कमरेत वाकून आत शिरतात, ते बघवत नाही."

शहराकडून ताठ मानेने आत जाता येईल असा दरवाजा व्हावा, एवढे एकच त्यांना हवे होते. त्याचा नकाशा त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर काढला. दरवाजा ठिगळासारखा दिसू नये म्हणून कमान साहेबाची, पायऱ्याही इंचाइंचाने साहेबाच्याच. नकाशाचे कापडसुद्धा कोठारात उरलेले साहेबाच्या वेळचे, कारण त्यावर शाईची रेघ फुटत नसे. त्यांच्या खात्याची शिस्त अशी, की जुना नकाशा उतरवायचा तर कोपऱ्यातल्या साहेबाच्या सहीसकट उतरवायचा. हाताला तीच सवय. नकाशा पुरा झाला तेव्हा आमचे हे हसायला लागले.

"अरे, दरवाजा तुझा आणि सही साहेबाची?"

भाऊजींनी कपाळाला हात लावला. पण खरवडले असते तर कापड फाटले असते. तसाच दिला.

अर्जाबरोबर तो नकाशा नऊ वेळा वर गेला. आधी उत्तर येई 'पाहू', मग 'विचाराधीन', मग उत्तरच येईना. मधल्या काळात हे गेले, भाऊजींचे केस गेले. शेवटी हुकूम आला: ही इमारत वारसा आहे, एक दगडही हलवायचा नाही. त्या संध्याकाळी भाऊजी बूट न काढताच खुर्चीत बसून राहिले.

"संपलं, वहिनी. आता त्या मोऱ्यासुद्धा वारसा."

निवृत्तीला महिना उरला असताना एका दुपारी ते घाईघाईने आले. वारसा समितीला दप्तरखान्यात साहेबाच्या सहीचा एक 'मूळ' नकाशा सापडला होता. शहराकडे दरवाजा करायचे साहेबाच्या मनात होते, ते अपुरे राहिले; आता ते पुरे करायचे, असे ठरले होते.

"तुमच्या वहीत तो दिवस असेल ना?"

शाळेतल्या सिस्टरनी लावलेली रोजनिशीची सवय मी सोडलेली नाही. वही काढली. लिहिले होते: 'भाऊजींचा दरवाजा पुरा झाला. नव्या टेबलक्लॉथवर शाई सांडली. सोड्याने डाग गेला नाही.'

माझा मुलगा उडालाच. "काका, हा पुरावा आहे! वर्तमानपत्रात देऊ. नाव होईल तुमचं."

"नाव होईल आणि दरवाजा जाईल," भाऊजी म्हणाले. "साहेबानं काढला तर वारसा. मी काढला तर मोडतोड."

"पण भाऊजी, हे खोटंच ना?" मला राहवेना.

"आहे की. खरं नऊ वेळा सांगून बघितलं." ते डोळे चोळत म्हणाले, "आता दमलो, वहिनी. वही ठेवून द्या."

मी ठेवून दिली. योग्य केले की नाही, अजून ठरवता आलेले नाही.

दरवाजा झाला तोवर भाऊजी निवृत्त झाले होते. उद्घाटनाचे बोलावणे आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघेच बघायला गेलो. कमान खरोखर देखणी होती. तिच्याखाली संगमरवरी पाटी, पाटीवर साहेबाचे नाव. लोक भराभर आत जात होते, कोणी वर बघतही नव्हते. भाऊजी खालीच उभे राहून बघत होते.

तिसऱ्या पायरीवर एक म्हातारी बाई टेकली होती. गुडघे दाबत ती करवादली, "कुठल्या मेल्यानं केल्यात या पायऱ्या? माणसांसाठी की घोड्यांसाठी?"

भाऊजी दोन पायऱ्या चढले. त्यांनाही धाप लागली.

"मी केल्यात, आजी. चुकलंच माझं. उंची कमी ठेवायला हवी होती."

बाईने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "काहीतरीच! ती बघा पाटी, साहेबाचं नाव आहे तिच्यावर. द्या हात."

त्यांनी हात दिला.