वाकड्या चिंचेपासून डावीकडे

बाबा आधी वाटा विसरायला लागले. माणसं त्यांना बरेच दिवस ओळखू येत होती, पण घरातून निघून कोपऱ्यापर्यंत गेले की परतीची वाट सापडत नसे. पुलगावच्या गिरणीत त्यांची सारी नोकरी झाली. त्यानंतर नाचणगावच्या बाजूला शेतात प्लॉट पाडून नवीन लेआउट झाला तिथं आम्ही घर बांधलं. आई गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. मी जवळच्या एका शाळेत शिकवते.

आमच्या लेआउटमध्ये सगळी घरं सारखीच दिसतात. अर्धी बांधलेली, गच्चीवर सळया उभ्या असलेली, समोर रेतीचा ढीग. मधल्या रिकाम्या प्लॉटवर गवत वाढतं. तिथं उभं राहिलं तर मलासुद्धा क्षणभर कळत नाही की आपण कोणत्या गल्लीत आहोत. मग बाबांचं काय होणार?

वर्ध्याच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "रोजच्या वस्तू, रोजची वाट परत परत दाखवत राहा. जेवढे दिवस टिकेल तेवढे दिवस."

एवढंच हातात होतं, म्हणून मी ते धरून बसले. रविवारी सकाळी मोबाइल घेऊन निघायची आणि दिसेल त्याचा फोटो काढायची. पाण्याची टाकी. विहाराचा पंचशील झेंडा. रेतीवर चढलेल्या बकऱ्या. खाटेवर वाळत घातलेल्या कुरड्या. तुराट्यांच्या गंजीमागे मावळता सूर्य आणि त्याच्या पुढून जाणारी मालगाडी. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "काऊन वो म्याडम, बकऱ्यायचे फोटो काढून राह्यल्या? कोणी इकत घेते काय?" मी हसून वेळ मारून नेली.

फोटो पुलगावच्या स्टुडिओतून छापून आणायचे आणि बैठकीच्या भिंतीवर वाटेच्या क्रमानं चिकटवायचे. रोज संध्याकाळी बाबांना खुर्चीत बसवून विचारायचं.

"बाबा, हे काय?"

"विहार."

"मग पुढं?"

"मग वाकडी चिच. तिथून डाव्या हाताले वळलं का आपलं घर."

चिंच त्यांना कधीच चुकत नव्हती. कोपऱ्यावर रस्त्याकडे झुकलेलं ते जुनं झाड होतं. नाचणगावची एक बाई आपल्या मळ्यातली वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर घेऊन त्याच्या सावलीत बसायची. बाबा रोज दुपारी विहारापर्यंत जायचे, तिथं घटकाभर बसायचे आणि चिंच पाहून वळायचे. चिंचेचा फोटो मी त्यांच्या खिशातच ठेवला होता, मागे माझा मोबाइल नंबर लिहून. कितीतरी महिने ते बरोबर परत आले. मला वाटायला लागलं होतं की आपण जिंकतोय.

त्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले तेव्हा झाड उभं होतं. दुपारी परत आले तर कोपऱ्यावर एकदम ऊन दिसलं. नालीच्या कामासाठी चिंच तोडली होती. फांद्या ट्रॅक्टरमध्ये भरणं चालू होतं आणि मशीनचा आवाज अजून बंद व्हायचा होता. मी गाडी तशीच टाकून घरी पळाले. घर उघडं. बाबा नव्हते.

विहारात विचारलं. तिथला म्हातारा राखणदार म्हणाला, "ते तं कव्हाचेच निघाले. मले वाटलं घरी गेले असतीन."

तोडणाऱ्या माणसांना विचारलं. त्यातला एक म्हणाला, "एक बुढेबाबा आले होते. लय वेळ उभे राह्यले इथं. चिच कुठी हाय म्हणून इचारे. म्या म्हटलं, बाबा, हे काय, कापून राह्यलो. तं नाई म्हणे, हे नाई, दुसरी. अन् सरळ निघून गेले."

सरळ म्हणजे पुलगावकडे. मी स्टेशनवर गेले, दोन्ही प्लॅटफॉर्म पाहिले. नदीच्या पुलावर गेले आणि कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. पाण्यात काही नव्हतं म्हणून बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली. ठाण्यात हवालदारानं बाबांचा फोटो मागितला, कपड्यांचा रंग विचारला. "सापडतीन ना, म्याडम. जातीन कुठं?" असं तो म्हणाला. जातील कुठं, हेच तर मला कोणी सांगत नव्हतं.

रात्र कशी गेली ते मी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिंचेखाली बसणारी तीच भाजीवाली दारात उभी होती. धापा टाकत होती. तिच्या हातात सुनेचा मोबाइल होता.

"म्याडम, पाहा बरं. हे तुमचेच बाबा होय ना? सुनेच्या ग्रुपवर आलं."

फोटोत बाबा एका बाकावर बसले होते आणि खिशातला तो चिंचेचा छापील फोटो छातीशी धरून कॅमेऱ्याला दाखवत होते.

"लोकायले नाई समजलं हे झाड कुठलं ते," ती म्हणाली, "पण त्याच्या बुडाशी हे टोपलं पाहा. माह्या वांग्याचं टोपलं होय ते. अन् ही मी. पाह्यल्याबरोबर म्या वळखलं."

फोटोखाली लिहिलं होतं, बाबा आर्वीच्या एसटी डेपोत होते. पुलगावहून कोणत्या गाडीत बसले, कोणी तिकीट काढलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. मी पोचले तेव्हा कंट्रोलरच्या खोलीत त्यांच्यासमोर चहा ठेवलेला होता. कंट्रोलर भला माणूस. म्हणाला, "काल सांजेपासून सगळ्यायले हेच दाखवून राह्यले. मागं नंबर असन, पण घामानं पार पसरला. आता चिच तं गावोगावी हाय. सांगा, कुठं सोडाव यायले?"

मी बाबांपुढे बसले. त्यांनी माझ्यापुढेही फोटो धरला.

"बाई, ह्या चिचेजवळ सोडून देजा मले. पोरगी वाट पाह्यत असन."

"बाबा, मीच आहो."

त्यांनी मान हलवली. मी खरं बोलत नाही हे कळूनही मला वाईट वाटू नये म्हणून हलवावी तशी.

घरी आणलं, पण कोपऱ्यावर नालीसाठी खणलेला खड्डा होता आणि ते वळायला तयार नव्हते. "हे नाई. पुढं घ्या." शेजारच्या दोघांनी धरून आत आणलं. मी हरले नव्हते. कोपऱ्याचे नवे फोटो काढले, नाली, सिमेंटचे पाइप, समोरच्या घराचा पिवळा रंग. भिंतीवर चिकटवले. रोज विचारू लागले. बाबा शांतपणे पाहायचे आणि म्हणायचे, "चांगलं गाव हाय. कोणाचं?"

मग मी दाराबाहेरच्या जाळीच्या चॅनेल गेटला कुलूप लावलं. मी शाळेत असताना काकू अधूनमधून डोकावतात. बाबा जाळीला धरून येणाऱ्या जाणाऱ्याला हाक मारतात, घरी नेऊन द्या म्हणतात. लेआउटमधले एक गृहस्थ मला म्हणाले, "म्याडम, बरं नाई दिसत." मी म्हटलं, "मग घटकाभर येऊन बसत जा त्यांच्याजवळ." ते अजून आलेले नाहीत.

मागच्या आठवड्यात मी भिंतीवरचे सगळे फोटो उतरवायला घेतले. बाबाही उठले आणि नखानं एकेक कोपरा सोडवत मला मदत करू लागले. फाटू नयेत म्हणून किती जपत होते. शेवटचा निघाला तसे त्यांनी चपला घातल्या. त्यांचा चेहरा उजळला होता.

"चाला, झालं आवरून. निंगू आता घरी."

मी कुलूप काढलं. दुसरं काय करणार होते? आम्ही टाकीपर्यंत गेलो, तिथून रेल्वे फाटकाकडे, परत टाकीकडे. मी त्यांचा हात धरला होता आणि ते पुढे पुढे चालत होते. अंधार पडायला लागला तसे ते पाय ओढत चालायला लागले.

आता रोज संध्याकाळी हेच करते. थकले की मी म्हणेन त्या घरात ते येतात.