रेफर

पहिल्या नंबराचं मला कधी कौतुक वाटत नाही. कोणी पहिलं आलं की मी आधी विचारते, पेपर तपासले कोणी? नवरा म्हणतो, "तुला निर्भेळ दुधातही पाणी दिसतं." दिसतं. दिल्लीत निम्मं आयुष्य काढल्यावर नाही दिसणार?

माझी नोकरी सरकारी. कुठल्या जिल्ह्यात रस्त्यावरच्या अपघातांत किती माणसं गेली, गेल्या वर्षीपेक्षा कमी की जास्त, हे ताडून जिल्ह्यांचे क्रम लावायचे. एका वर्षी दिल्लीला लागून असलेला एक जिल्हा एकदम पहिला आला. जखमी भरपूर, मृत्यू मात्र नावाला. हायवे तोच, शेजारच्या जिल्ह्यातून येणारा, ट्रक तेच, उलट्या बाजूने येणारे ट्रॅक्टरही तेच. पण या जिल्ह्याची हद्द लागली की माणसं मरायची थांबत होती. साहेब खूश होते. माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्यातच लेकीला पहिली नोकरी लागली ती नेमकी त्या जिल्ह्यात. बापाने कौतुकाने स्कूटी घेऊन दिली. मी नको म्हटलं, तर म्हणाली, "आई, यार, तुमच्याच ऑफिसने त्यांना नंबर वन दिलाय ना? मग टेन्शन कशाचं?" मी दुसऱ्या दिवशी ऑफिसातून तिथल्या सरकारी हॉस्पिटलच्या अधिकाऱ्याला फोन लावला.

"मॅडम, हमारे यहाँ तो कोई मरता ही नहीं," ते अभिमानाने म्हणाले.

"इतने सीरियस लोग, सब बच जाते हैं?"

"सीरियस को हम रखते ही नहीं. बिल्कुल देर नहीं करते, सीधे दिल्ली रेफर."

"फिर उनका क्या होता है?"

"वो तो दिल्लीवाले जानें, जी."

मग दिल्लीवाल्यांना विचारलं. तेही तितक्याच गोडीने म्हणाले, "एक्सीडेंट हमारे यहाँ का है ही नहीं, हम क्यों गिनें?" म्हणजे माणूस मेला दिल्लीत, आणि त्याच्या जिल्ह्यात मात्र तो कायमचा जखमीच राहिला. त्याचा मृत्यू कोणाच्याच वाट्याला आला नाही. मी तरातरा साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, पुढच्या वर्षी बघू. हद्द झाली!

त्या जिल्ह्याचा सत्कारही झाला. टाळ्या वाजत होत्या आणि मला सारखी लेकीची स्कूटी दिसत होती. चीड आली होती, पण चिडीपेक्षा भीती जास्त होती.

संध्याकाळी चहा घेताना मी सगळं घरी सांगितलं. उद्यापासून पोरगी कामावर जाणार होती. तिने बिस्किट चहात बुडवलं आणि सहज म्हणाली, "अच्छा, मग आई, मला काही झालं तर रेफर करू देऊ नकोस हं. निदान मोजतील तरी."

नवरा हसला. मी कपबशा उचलायच्या निमित्ताने उठले, जाताजाता खुंटीवरची स्कूटीची किल्ली काढली आणि स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात खोल खुपसली.

ती अजून अधूनमधून किल्ली शोधते. मीही तिच्यासोबत सोफ्याखाली वाकून बघते. मग उशीर होतो म्हणून ती चिडून मेट्रोने जाते.